लग्नाची डीव्हीडी आयपॉडवर घेताना

भावा, डीव्हीडीतल्या व्हीओबी फायली (ज्यांत व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी साठवलेला असतो) एकेक करून बदलत बसू नकोस. साधारण १ जीबी झालं की पुढची फाईल सुरू होते, म्हणून तर तुझ्या मंगलाष्टका मध्येच तुटल्या. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खं 'व्हिडिओ टीएस' फोल्डर उघड. आयपॉड क्लासिकला एमपी४ लागतं, एच.२६४ बेसलाइन (व्हिडिओ दाबून साठवायची साधी पद्धत), ६४० × ४८० पिक्सेलच्या आत. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) २५ च ठेव, आपल्याकडच्या डीव्हीड्या बहुतेक पाल, म्हणजे सेकंदाला २५ चित्रांच्या पद्धतीच्याच असतात. डीइंटरलेस (एकाआड एक ओळींचं चित्र सलग करणं) तेवढं विसरू नको, नाहीतर अक्षता टाकताना हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. आधी दोन मिनिटांचाच तुकडा करून बघ. परभणीत मी एकदा तीन तासांचं लग्न रात्रभर लावून ठेवलं, पहाटे लाइट गेली न् सगळं पाण्यात! जमलं की आयट्यून्समध्ये ओढ, सिंक मार.