मुकुटातले महावीर

प्रश्न : बडोद्याला भाचीकडे गेले होते. तिथल्या संग्रहालयात महावीरांच्या मूर्तीला मुकुट अन् दागिने! पाटी चुकलीय का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नाही हो ताई, पाटी बरोबर आहे. ते ‘जीवंतस्वामी’. दीक्षेपूर्वीच, राजवाड्यात ध्यानाला उभे राहिलेले राजपुत्र महावीर; म्हणून अंगावर राजवेश. १९५१मध्ये बडोद्याजवळच्या अकोट्यात (आपलं विदर्भातलं अकोट नव्हे!) जमिनीतून ६८ जैन कांस्यमूर्ती निघाल्या, पाचव्या ते बाराव्या शतकांतल्या; तुमचे जीवंतस्वामी त्यांतलेच. जैन कलेचे अभ्यासक उमाकांत शाहांनी त्यांचा कसून अभ्यास केला. तिथली चामरधारिणी पाहिलीत का? कमरेत किंचित झुकलेली, हातात चामर, म्हणजे चवरी. मी तिच्यापुढे इतका रेंगाळलो, की शेवटी पहारेकऱ्याने किल्ल्या वाजवल्या. पुढच्या खेपेस भाचीलाही न्या.