सेमिनार तर भारी झाला, मग क्लासला पैसे भरायचे का?

कॉलेजात करिअरचा सेमिनार झाला की आठवड्याभरात कुणाची तरी आई माझ्याकडे येतेच. कळव्याच्या या ताई मुलाला घेऊनच आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा बीएएमएमसीच्या (मास मीडियाच्या पदवीच्या) शेवटच्या वर्षाला, विषय जाहिरात. ठाण्यातल्या त्याच्या कॉलेजात मुलांनीच डिजिटल जाहिरातींतल्या नोकऱ्यांवर सेमिनार भरवला होता आणि हा आयोजकांपैकी एक. प्रमुख वक्ते एक क्लासवाले, बॅनर आणि वडापावचा खर्चही त्यांचाच. आता त्यांच्याच क्लासला 60,000 भरायचे म्हणून हा घरी हटून बसला होता.

‘‘मॅडम, सगळ्यांनी पाचपैकी पाच दिलेत सरांना,’’ तो म्हणाला. मी ते अभिप्रायाचे फॉर्मच आणायला सांगितले.

पुढच्या भेटीत गठ्ठा आला. प्रश्न एकच, सेमिनार कसा वाटला? उत्तरं ‘भारी’, ‘सर एक नंबर’. दुसरी वक्ती असलेल्या एका माजी विद्यार्थिनीच्या वाट्याला मात्र ‘बोअर’, ‘आकडेच आकडे’. ती वाशीच्या एका जाहिरात एजन्सीत ज्युनियर होती. सरांच्या तासातलं काय आठवतं विचारलं, तर गाडी आणि दुबई. तिच्या स्लाइडचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये निघाला: खर्च 500 रुपये, जाहिरात दिसली 10,000 वेळा, क्लिक 120, फोन आले 3.

‘‘एक फोन कितीला पडला?’’

त्याने कॅल्क्युलेटर काढला. साधारण 167 रुपये. क्लिक मात्र चार रुपयांना. मग बराच वेळ गप्प. ‘‘विकायचंय काय, त्यावर आहे ना हे? फ्लॅट असेल तर फुकटात, केक असेल तर बुडाला.’’ क्लायंट ‘फोन तीनच का?’ विचारतो आणि तिची संध्याकाळ त्याचं उत्तर शोधण्यात जाते, हेही तिने सांगितलं होतं म्हणे. म्हणजे नोकरी काय असते ते त्या दिवशी तिनेच दाखवलं, आणि फॉर्मवर तीच नापास!

आलेल्या मुलांना फोन करून ‘त्यानंतर काय केलंस?’ एवढंच विचार, असं मी सुचवलं. बहुतेकांनी काहीच केलं नव्हतं, काहींनी सरांना इन्स्टाला फॉलो केलं होतं. गुगलचं स्किलशॉप, म्हणजे त्यांचे ऑनलाइन कोर्स, उघडून बसलेले दोघंतिघं होते, तेही तिचं ऐकून.

स्किलशॉप फुकट आहे, त्याचं गुगल अ‍ॅड्सचं प्रमाणपत्र वर्षभर चालतं. नुसत्या त्यावर नोकरी मिळत नाही, पण आपल्याला हे काम सोसतंय का ते कळतं. मेटाची (फेसबुक-इन्स्टावाल्यांची) अ‍ॅड लायब्ररीही सर्वांना खुली आहे. गोखले रोडवरच्या दुकानांची नावं टाकून सध्या कोण काय जाहिरात चालवतंय ते बघ, म्हटलं. दोन महिन्यांनीही गोडी टिकली, तर क्लासचा विचार कर. तेव्हाही शिकवणार कोण ते विचार, फी परतीची अट लेखी घे आणि जुन्या मुलांना भेट.

‘‘म्हणजे भरायचे नाहीत ना?’’ ताई.

‘‘आत्ता नाहीत.’’

मुलाचा चेहरा पडला. खरी अडचण पैशांची नव्हतीच. ‘‘सरांना शब्द दिलाय. त्यांनी आमच्यासाठी एवढं केलं.’’ ही भीड मी आयोजक मुलांमध्ये नेहमी बघते. म्हटलं, परीक्षेनंतर कळवतो एवढंच लिही, कारणं देत बसू नकोस.

त्याने तिथेच मेसेज टाकला. उत्तर लगेच आलं. ताईंनी त्याच्या हातातून मोबाइल घेऊन मोठ्याने वाचलं, ‘‘5,000 ची सूट फक्त उद्यापर्यंत.’’