वाचकांचे प्रश्न : फलकावर पलटणीतल्या माणसाचे नाव

प्रश्न : शाळेच्या शताब्दीनिमित्त गावातील कर्तबगार माणसांचा फलक लावायचे ठरले आहे. माझे आजोबा १९४२ साली मराठा पलटणीत भरती झाले आणि इटलीत लढले. त्याच वर्षी आमच्या शेजारच्या घरातील गृहस्थ ‘चले जाव’ चळवळीत तुरुंगात गेले. आता सभेत काही जण म्हणतात, “इंग्रजांच्या पगारी शिपायाचे नाव कशाला?” आजोबा हयातभर १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला शाळेच्या गडग्याबाहेर उभे राहत. मी नावाचा आग्रह धरावा का?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : जरूर धरावा, मात्र त्यांना स्वातंत्र्यसैनिक ठरवून नव्हे. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने लोकप्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले आणि त्याच्या निषेधार्थ मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळासह काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली. त्यामुळे सत्याग्रह्याच्या घराला भरती म्हणजे परक्या सत्तेला हातभार वाटला, यात गैर काही नव्हते. पण मत एकच नव्हते. रत्नागिरीत तेरा वर्षे स्थानबद्ध राहिलेले सावरकर तरुणांना सैन्यात शिरा म्हणून सांगत होते. ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, त्या डॉ. आंबेडकरांच्या दृष्टीने महारांना बंद केलेले पलटणीचे दार पुन्हा उघडणे हा हक्काचा आणि मानाचा प्रश्न होता, आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली.

आपल्याकडच्या बहुतेक घरांत मात्र ही चर्चा पोहोचण्याआधी सावकाराचा तगादा पोहोचत असे. वरकस जमीन, चार महिन्यांचे भात, उरलेले वर्ष मुंबईच्या गिरणीवर किंवा पलटणीच्या मनीऑर्डरीवर. त्यात १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडचा तांदूळ थांबला. ‘पगारी शिपाई’ म्हणणाऱ्यांनी तो पगार कोणाच्या चुलीपर्यंत गेला हेही पाहावे. हे मी कळवळ्याने लिहितो, कारण पोस्टमनची वाट पाहत पडवीत बसलेल्या बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत.

माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात शत्रूचे मशीनगनचे ठाणे एकट्याने घेऊन तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पदक इंग्रजांचे म्हणून आपण त्यांना परके मानत नाही. लोकांची दृष्टीही बदलत गेली : फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांनी बंड केले, तेव्हा मुंबईकरांनी गेटवेपाशी त्यांना अन्न पोहोचवले आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गिरणी कामगारांनी हरताळ पाळला. तेही इंग्रजांचे पगारीच होते.

आता कामाचे. आजोबांचे डिस्चार्जचे कागद ट्रंकेत असतील तर त्यावरून पलटण, आघाडी आणि वर्षे नेमकी उतरवून घ्या; नसतील तर बेळगावला मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे लिहा. सभेत बोलण्याआधी शेजारच्या घरी जा, कारण त्यांच्या संमतीने लागलेल्या नावाला गावात कोणी हात लावणार नाही. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढे विचारा, की आजोबा गडग्याबाहेर स्वतःहून उभे राहत होते, की त्यांना कोणी कधी आत बोलावलेच नव्हते.