मानेचं इंजेक्शन: दोन महिन्यांतच असर ओसरला तर?

प्रश्न : माझे वडील (वय 56) सांगलीच्या हळद बाजारात दिवाणजी आहेत. खातेवही लिहिताना त्यांची मान डावीकडे ओढली जाते; हनुवटीला बोट लावलं की सरळ होते. डॉक्टरांनी डिस्टोनिया (स्नायू आपोआप आखडून ओढले जाण्याचा आजार) सांगून बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं. आठवडाभर काही फरक नव्हता, मग छान वाटलं. पण पंधरा दिवस पाणी पिताना ठसका लागायचा. आता दोन महिन्यांत मान पुन्हा वळते. लगेच दुसरं द्यावं का? कुपी पुण्याहून एसटीने आणली तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लगेच नको. दोन इंजेक्शनांत किमान 12 आठवडे जाऊ द्या. घाईघाईने डोस घेत गेलं तर शरीरात औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि पुढे ते लागूच पडत नाही. पहिला आठवडा कोरडा गेला, यात वावगं काही नाही. मज्जातंतूच्या टोकातून स्नायूला जाणारा निरोप हे औषध अडवतं. त्याला काही दिवस लागतात आणि पूर्ण असर दोन ते सहा आठवड्यांत दिसतो.

लवकर ओसरलं याचा अर्थ बहुधा डोस कमी पडला किंवा नेमका स्नायू हुकला. मान डावीकडे वळते तेव्हा सहसा डाव्या बाजूचा स्प्लेनियस (मानेच्या मागचा स्नायू) आणि उजव्या बाजूचा स्टर्नोमॅस्टॉइड (कानामागून गळपट्टीच्या हाडाकडे उतरणारा स्नायू) ओढत असतात. ईएमजी (स्नायूतली विद्युत हालचाल टिपणारी तपासणी) किंवा सोनोग्राफीवर बघून सुई टोचली तर नेम चुकण्याची शक्यता कमी होते. ठसक्याचं मूळ स्टर्नोमॅस्टॉइडमध्ये असावं; गिळण्याचे स्नायू त्याला लागूनच असतात. तिथे बोटॉक्सचा डोस एकूण 100 युनिटांच्या (युनिट म्हणजे या औषधाचं माप) आतच ठेवतात. डॉक्टरांना ठसक्याचं आठवणीने सांगा, ते तिथला डोस उतरवतील. श्वास किंवा बोलणं अडलं तर मात्र तडक दवाखाना गाठा.

कोणत्या स्नायूत किती युनिट आणि कोणत्या ब्रँडचे, हे कागदावर लिहून मागा. बोटॉक्सचे 100 युनिट म्हणजे डिस्पोर्टचे (याच प्रकारच्या औषधाचा दुसरा ब्रँड) 100 नव्हेत. दवाखाना बदलताना इथेच घोळ होतो. पुढच्या इंजेक्शननंतर असर भरात असताना, चौथ्या-पाचव्या आठवड्यात, डॉक्टरांना दाखवायला मोबाइलवर मानेचा व्हिडिओ काढा, हनुवटीला हात न लावता.

कुपी 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजे. एसटीच्या रॅकवर पिशवीत ठेवून आणणार असाल तर पैसे वायाच. त्यापेक्षा दवाखान्यालाच मागवू द्या. बोटॉक्सच्या कुपीत हवा नसते, त्यामुळे सुई शिरली की औषध विरघळवायचं सलाइन आपसूक आत ओढलं जातं. तसं झालं नाही तर ती कुपी वापरत नाहीत.