गडावर पहिल्यांदा खिचडी करणाऱ्यासाठी

तुझी यादी वाचली. कुकर, तवा, पोळपाट... अरे, हरिश्चंद्रगड चढायचाय की रुखवत मांडायचंय? दोघांच्या एका मुक्कामाला एवढंच घे:

- कॅनवर बसणारा छोटा गॅस स्टोव्ह, २३० ग्रॅमचा एक कॅन
- २ लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, झाकणासकट
- सांडशी, मोठा चमचा, सुरी
- लायटर, शिवाय प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी

नवखे हमखास झाकण विसरतात. वाऱ्यात उघड्या पातेल्यातलं पाणी उकळता उकळत नाही, गॅस मात्र उडतो. दगडांचा आडोसा कर, पण कॅन चारी बाजूंनी कोंडू नकोस. तापला तर फुटू शकतो. आणि तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही, बाहेर पाऊस असला तरी. आगीचा धोका आहेच, शिवाय बंद जागेत साचलेला कार्बन मोनॉक्साइड कळतही नाही.

मी पहिल्या ट्रेकला तूरडाळ नेली होती. दीड तास झाला तरी शिजेना, शेवटी कोरडे पोहे खाऊन झोपलो! तू तांदूळ-मूगडाळ, मीठ-मसाला घरूनच एका पिशवीत मिसळून ने.

निघण्याआधी गच्चीवर एकदा चहा करून बघ. बाकी महागडे स्टोव्ह वगैरे तिसऱ्या-चौथ्या ट्रेकनंतर बोलू.