वाचकांचे प्रश्न : पक्ष्याचा पंख खराखुरा कसा काढावा?

प्रश्न : शाळेत असताना मी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या. आता सवड मिळेल तेव्हा सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसून बगळे, घारी आणि पारवे रेखाटते. चोच, डोळा, पाय जमतात. मात्र उघडा पंख काढला की तो केरसुणीसारखा दिसतो. एकेक पीस मन लावून काढूनही असे का होते?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण पिसांपासून सुरुवात करता, हेच त्याचे कारण असावे. पंख हा मुळात हात आहे. त्यात दंड, कोपर, मनगट आणि पंजा हे सारे असते, आणि पिसे या हाडांच्या आधाराने रोवलेली असतात. कोपर शेपटीच्या दिशेने मागे वळते, तर मनगट डोक्याच्या दिशेने पुढे येते. उडणाऱ्या घारीच्या पंखाच्या पुढच्या कडेला जो ठळक कोन दिसतो तो मनगटाचा असतो. पुष्कळ जण त्यालाच कोपर समजतात आणि तिथेच चित्र फसते. खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा पडदा ताणलेला असल्यामुळे खरे कोपर त्याच्या मागे राहते व सहसा नजरेस पडत नाही.

आता केरसुणीविषयी. सगळी पिसे एकाच बिंदूतून फाकवली की तसा आकार येतो. प्रत्यक्षात पंजावरची लांब पिसे, जी बहुतेक पक्ष्यांत दहा असतात, तेवढीच फाकतात; मनगट ते कोपर या भागातील पिसे जवळजवळ समांतर राहतात. शिवाय टोकाकडच्या पिसाची दांडी मधोमध नसते. तिच्या पुढची बाजू अरुंद आणि मागची रुंद असते; शरीराकडे येत जावे तसतशी दांडी मध्याकडे सरकते व पिसाचे टोक गोलसर होते. वरून पाहिल्यास आतले पीस बाहेरच्या पिसाच्या कडेवर चढलेले दिसते, खालून पाहिल्यास हाच क्रम उलटा दिसतो. पंख खाली मारताना हवेचा दाब पिसाची रुंद बाजू शेजारच्या पिसावर दाबतो आणि फटी मिटतात. हा क्रम चुकला की पिसे कितीही सुबक असली तरी पंख खोटा वाटतो.

अभ्यासासाठी माझा आग्रह आहे की चिकनच्या दुकानातून पिसे न काढलेला एक पंख मागून आणावा. कोपर हळूहळू उघडून पाहावे, म्हणजे मनगटही आपोआप उघडू लागते, कारण पुढच्या हाताची, म्हणजे कोपर ते मनगट या भागातली, दोन समांतर हाडे ही हालचाल पुढे पोहोचवतात. म्हणूनच कोपर पूर्ण ताणलेले आणि मनगट घट्ट मिटलेले असा पंख पाहणाऱ्याला खटकतो. पंख पुठ्ठ्यावर टाचण्यांनी पसरवून आधी फक्त तीन रेषांत हाडे काढावीत, मग पिसांच्या गटांचे बाह्याकार आणि अगदी शेवटी मोजकी पिसे. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकारानेही नीलपंखाच्या एका युरोपीय जातभाईचा सुटा पंखच समोर ठेवून रंगवला होता. ते चित्र व्हिएन्नाच्या आल्बेर्टिना संग्रहालयात आहे आणि पिसांचे गट कसे वेगळे राखावेत हे शिकण्यासाठी मला ते फार मोलाचे वाटते. रानातल्या पक्ष्यांची पिसे मात्र जमवू नयेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ची त्यावर बंधने आहेत. सराव झाला की हात आपण होऊन वहीवर अंदाजाने रेघोट्या मारण्याऐवजी विचारपूर्वक रेषा ओढू लागेल.

प्रश्न : हिवाळ्यात उजनी जलाशयावर रोहित पक्षी पाहिले. उडताना त्यांच्या पंखात काळा रंग ठळक दिसतो, मग उभे असताना तो कुठे जातो?
– एक वाचक, माढा तालुका

उत्तर : काळी असतात ती उड्डाणाची लांब पिसे. पंख मिटताना पंजाची पिसे पुढच्या हाताच्या पिसांखाली सरकतात आणि त्या सर्वांवर गुलाबी आच्छादन पिसे व शरीरालगतची लांब पिसे येतात. त्यामुळे काळा रंग जवळजवळ झाकला जातो. हा काळेपणा मेलॅनिन या रंगद्रव्याचा असून त्यामुळे पिसे लवकर झिजत नाहीत. उभा रोहित रंगवताना काळा रंग शेपटीजवळ, पंखाच्या मागच्या टोकाला, एखाद्या बारीक फटीपुरता द्यावा, आणि तोही आजूबाजूचा गुलाबी रंग वाळल्यानंतर.