अळी पाहून ती फुलपाखराची, भुंगेऱ्याची की माशीची, हे कसं ओळखायचं?

बागेतल्या अळ्या सगळ्या सारख्याच दिसतात, त्या कीटकांच्या कोणत्या गणातल्या, म्हणजे मोठ्या गटातल्या, हे कसं कळावं, असं तुम्ही विचारलंय. रंग आणि केस यांवर जाऊ नका. कात टाकली की तीच अळी वेगळी दिसू लागते. पाय मोजा. अळी काचेच्या नळीत घ्या आणि दहापट भिंगातून खालच्या बाजूने बघा. वरून बघणारे हमखास चुकतात.

डोक्यामागचे तीन खंड म्हणजे छाती. तिथे सांधे असलेल्या, टोकाला नखी असलेल्या पायांच्या तीन जोड्या असतात. हे खरे पाय. त्यामागे पोटाचे १० खंड. त्यांच्याखाली बिनसांध्याचे मांसल खुंट दिसले तर ते पोटपाय.

फुलपाखरं आणि पतंग, म्हणजे लेपिडोप्टेरा गण, यांच्या अळीला, म्हणजे सुरवंटाला, पोटपायांच्या सहसा पाच जोड्या असतात: पोटाच्या ३ ते ६ या खंडांवर चार आणि शेवटच्या खंडावर एक. उंटअळीत पुढच्या एक-दोन किंवा त्याहून जास्त जोड्या नसतात, म्हणून तर ती पाठीची कमान करत चालते.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो सॉफ्लायच्या अळीपाशी. ती हुबेहूब सुरवंटासारखी, पण गण मुंग्या-मधमाश्यांचा, हायमेनोप्टेरा. पानं खाणाऱ्या सॉफ्लायच्या अळीला पोटपायांच्या सहा ते आठ जोड्या असतात आणि त्या पोटाच्या दुसऱ्याच खंडापासून सुरू होतात. म्हणजे खरे पाय आणि पोटपाय यांच्यामध्ये एकच खंड मोकळा. सुरवंटात निदान दोन. शंका उरली तर पोटपायाचा तळवा बघा. सुरवंटाच्या तळव्यावर बारीक वाकड्या आकड्यांची रांग किंवा कडं असतं, सॉफ्लायच्या तळव्यावर काहीच नसतं. डोळेही सांगतात: सॉफ्लायला डोक्याच्या प्रत्येक बाजूला एकच ठळक काळा ठिपका, सुरवंटाला बहुधा सहा बारीक ठिपक्यांचा पुंजका. हा फरक नुसता पुस्तकी नाही. सुरवंटांसाठी वापरतात ते बीटी कुर्स्टाकी जिवाणूचं औषध सॉफ्लायवर चालत नाही, फवारणी फुकट जाते.

बाकीचं सोपं आहे. तीन जोड्या खरे पाय, पोटपाय नाहीत, शरीर इंग्रजी सी अक्षरासारखं वळलेलं: हुमणी, म्हणजे भुंगेरा. पाय नाहीत पण तपकिरी टणक डोकं आहे: बहुधा सोंडकिडा, म्हणजे तोही भुंगेराच. पायही नाहीत, डोकंही दिसत नाही, टोकदार तोंडाशी दोन काळे आकडे: घरमाशीसारख्या माशीची अळी.

एक अपवाद लक्षात ठेवा. गोगलगायीसारख्या चपट्या, काटेरी अळीचे पाय दिसतच नाहीत, तरी ती पतंगाचीच असते. तिला बोट लावू नका, काटे चांगलेच झोंबतात.

नमुना ठेवायचा असेल तर अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकू नका, काळी पडते. आधी नुकत्याच उकळी आलेल्या पाण्यात साधारण अर्धा ते एक मिनिट बुडवा, मग ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. पोटपाय ताठ राहतात आणि नंतर निवांत मोजता येतात.